फेब्रुवारीत अंडी, मे महिन्यात आमसुलं

कोकणातल्या घराभोवती चार रातांब्याची (कोकमाची) झाडं, दोन फणस, रायवळ आंबे आणि दारात फिरणाऱ्या गावठी कोंबड्या असल्या की लोक म्हणतात, "मग काय, मजा आहे तुमची!" मजा आहेच. पण यंदा, म्हणजे 2024 मध्ये, आम्ही हे सगळं जरा नीट करायचं ठरवलं. यंत्रात अंडी उबवून पिल्लं काढायची आणि परसातलं जे निघेल ते टिकवून थोडंफार कायदेशीरपणे विकायचंही. तेव्हा हाताशी धरायला सलग लिहिलेलं असं काही मिळालं नाही. कोणी फक्त यंत्राबद्दल सांगतो, कोणी फक्त पाककृती देतो. दोन्ही कामं एकाच घरात, एकाच हंगामात करताना काय होतं ते मी इथे तारखांसकट लिहिते आहे. आमचं घर कुडाळ तालुक्यात आहे. देशावर हवा वेगळी, तिथे आकडे थोडे बदलतील.

सुरुवात उलट्या हिशेबाने केली. गावठी कोंबड्याला आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी गटारीला, म्हणजे आषाढ अमावास्येला. 2024 मध्ये ती 4 ऑगस्टला, तीही रविवारी. गावठी पिल्लू चार-साडेचार महिन्यांत किलोच्या आसपास जातं. म्हणजे पिल्लं मार्चच्या मध्यापर्यंत बाहेर यायला हवीत. कोंबडीचं अंडं उबायला 21 दिवस, म्हणून अंडी फेब्रुवारीत यंत्रात ठेवायची. दुसरीकडे रातांबे एप्रिलअखेर पिकायला लागतात आणि मृगाच्या आत, म्हणजे 7 जूनच्या आसपास, सगळं वाळून डब्यात गेलं पाहिजे. या दोन कामांच्या मध्ये एप्रिल मोकळा राहतो. कागदपत्रं तेव्हा करायची, असं ठरलं.

यंत्र जुनं घेतलं, साडेचार हजारांना. साठ अंड्यांचं, पंखा असलेलं, अंडी आपोआप फिरवणारं. घेण्याआधी एक करा: रिकामं यंत्र पूर्ण दिवसभर चालवून बघा आणि आत तापाचं थर्मामीटर ठेवा. यंत्राला 37.5 अंश सेल्सिअस लागतं आणि तापाचं थर्मामीटर नेमकं त्याच पट्ट्यात अचूक असतं. आमच्या यंत्राचा पडदा 37.5 दाखवत होता तेव्हा आत 38.1 होतं. एवढ्या फरकाने पिल्लं लवकर आणि अशक्त निघतात. सेटिंग कमी करून घेतलं.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र तीनशे रुपयांना मिळालं, पण त्यावरही लगेच विश्वास ठेवू नये. एका झाकणात मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घालायचं, ते झाकण आणि मापक एका बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी 75 टक्के दिसायला हवेत. आमचं 71 दाखवत होतं, म्हणजे दर वेळी चार मिळवायचे. हे तीनशे रुपये पुढे मे महिन्यात जास्त कामाला आले, ते ओघात येईलच.

अंडी तीन घरांतून गोळा केली, 12 ते 15 रुपयांना एक. दुकानातली अंडी उबत नाहीत, कारण तिथल्या कोंबड्यांमध्ये कोंबडाच नसतो. गावठीतही ज्या घरी दहा-बारा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा आहे, तिथलीच घ्या. अंडी धुवायची नाहीत. कवचावरचं नैसर्गिक आवरण गेलं की जंतू आत शिरतात. निमुळतं टोक खाली ठेवायचं, आणि सात दिवसांपेक्षा जुनं अंडं नको. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. माजघरातल्या जमिनीवर ओलसर वाळूच्या टोपलीत छान राहतात.

18 फेब्रुवारीला 40 अंडी यंत्रात गेली. त्याच दिवशी शेजारच्या काकींच्या सांगण्यावरून घरची एक खुडूक कोंबडीही 11 अंड्यांवर रवणीला, म्हणजे उबवायला, बसवली. यंत्र आहे तर कोंबडी कशाला, असं मला वाटत होतं. काकी एवढंच म्हणाल्या, "बसव गे, मगे समजतला." सासूबाईंनी तिच्या टोपलीत एक खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला. गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. फेब्रुवारीत आमच्याकडे गडगडत नाही, पण खिळ्याने कोणाचं काही बिघडतही नाही.

यंत्राच्या पुस्तिकेत पाण्याचे दोन्ही चर भरायला सांगितलं होतं. आमच्या हवेत एकाच चराने 52 ते 55 टक्के राहत होतं, दोन्ही भरले की 65 च्या वर जाई. पहिले 18 दिवस एवढी ओल नको. अंड्यातलं पाणी हळूहळू उडून आतली हवेची पोकळी मोठी व्हायला हवी, नाहीतर पिल्लाला शेवटी श्वास घ्यायला जागा उरत नाही. खात्री करायचा सोपा उपाय वजनकाटा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एका अंड्याचा फरक कळत नाही, म्हणून खूण केलेली दहा अंडी एकत्र तोलायची. आमची दहा मिळून 420 ग्रॅम होती. अठराव्या दिवसापर्यंत सुमारे 12 टक्के, म्हणजे पन्नासेक ग्रॅम कमी व्हायला हवेत. 372 भरली. पाणी कमी-जास्त करायचं ते या वजनाकडे बघून.

25 फेब्रुवारीला रात्री अंडी उजेडावर धरून पाहिली. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक, मागे मोबाइलची टॉर्च, खोलीत अंधार. फलित अंड्यात लाल शिरा पसरलेल्या दिसतात आणि मध्ये एक ठिपका हलतो. तो ठिपका पहिल्यांदा हलताना पाहिला तेव्हा मी नवऱ्याला इतक्या जोरात हाक मारली की तो साप निघाला समजून काठी घेऊन आला. सहा अंडी रिकामी निघाली, ती काढली. चौदाव्या दिवशी आणखी तीन मृत दिसली. आत रक्ताचं नुसतं कडं तयार झालेलं. अशी अंडी आत राहू देऊ नका. ती कुजून फुटली तर सगळ्या यंत्रात घाण पसरते.

29 फेब्रुवारीला सकाळी लाइनच्या कामासाठी वीज गेली ती दुपारीच आली. यंत्रासोबत इन्व्हर्टर नव्हता. यंत्रावर दोन गोधड्या टाकल्या, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवल्या आणि दार उघडायचं नाही असं घरात बजावलं. मी तासातासाने घाबरत होते. सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "कोंबी खावक उठता मा? मगे?" खरं आहे ते. रवणीवरची कोंबडीही रोज अंडी सोडून चारा-पाण्याला जाते. थोडा वेळ थंडावलेली अंडी सहसा तगतात. अंडी जास्त तापणं मात्र फार वाईट. म्हणून घाबरून बाटल्यांत कडकडीत पाणी भरू नका.

7 मार्चला, अठराव्या दिवशी, फिरवणं बंद केलं, दुसरा चर भरला, आर्द्रता 68 वर आणली. आता तीन दिवस झाकण उघडायचं नाही. महाशिवरात्रीच्या रात्री आतून बारीक चिवचिव ऐकू यायला लागली, कवचाला मात्र तडाही नव्हता. 9 तारखेला पहिलं टोक फुटलं आणि मग बारा-चौदा तास काहीच हललं नाही. सगळ्यात अवघड वेळ ती. मदत करायला हात शिवशिवतात. करू नका. आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या सुकून पिवळा बलक पोटात ओढला जाईपर्यंत पिल्लू मुद्दाम थांबलेलं असतं. कवच सोललं तर रक्तस्राव होतो. घाईने झाकण उघडलं तर आतली ओल जाते आणि पडदा दुसऱ्या पिल्लांच्या अंगाला चिकटतो. याच बलकावर पिल्लू दोन दिवस दाण्याशिवाय राहू शकतं, तेव्हा उपाशी मरेल ही भीतीही नको.

10 मार्चला संध्याकाळपर्यंत यंत्रात 24 पिल्लं झाली. झाकणबंद केलेल्या 31 मधली सात निघाली नाहीत. कोंबडीने 11 मधून नऊ काढली, विजेशिवाय.

त्या रात्री काकींचं म्हणणं उमगलं. अंधार पडल्यावर यंत्रातली सहा पिल्लं एकेक करून कोंबडीच्या पोटाखाली सरकवली. मी काकींना विचारलं, ओळखणार नाही का ती? "रात्रीचीच घाल गे. तिका मोजूक येता काय?" सकाळी कोंबडी पंधरा पिल्लं घेऊन ऐटीत बाहेर पडली. फक्त पिल्लं तिच्या पिल्लांच्याच वयाची हवीत, दोन-तीन दिवसांनी मोठी असली तर ती टोचते. म्हणून यंत्र आणि कोंबडी एकाच दिवशी लावायची.

उरलेली 18 पिल्लं पुठ्ठ्याच्या गोल कुंपणात, वर बल्ब. पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आकड्यांपेक्षा पिल्लांकडे बघा: बल्बखाली गर्दी करून ओरडत असतील तर थंडी आहे, कडेला चोच उघडून बसली असतील तर बल्ब वर घ्या. तापणारा जुना पिवळा बल्ब आता सहज मिळत नाही, तो आधीच शोधून ठेवा. एलईडीने ऊब येत नाही. पहिलं पाणी गुळाचं, मग कणी आणि पिल्लांचं खाद्य (50 किलोची गोणी तेव्हा 2200 रुपये). दुपारी परसातल्या वारुळाची वाळवी. खाली भाताचं तूस, तेही कोरडं. तूस ओलं राहिलं की रक्ती हगवण लागते.

लसीकरण टाळू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की वाडीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या जातात. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही राणीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा पाण्यातून, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी या राणीखेतच्याच लसीचं इंजेक्शन. लहानातली लहान बाटलीच शंभर मात्रांची असते आणि एकदा मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आम्ही वाडीतल्या पाच घरांनी मिळून आणली. बाटली तेव्हा दीडशे रुपयांच्या आतली, वाटून घेतल्यावर प्रत्येकाला चहाचा खर्च. नेताना थर्मासमध्ये बर्फ हवाच. पाण्यातून देताना विहिरीचं पाणी घ्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने लस मरते.

शेवटचं इंजेक्शन मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायचं होतं. तोवर लोकसभेची निवडणूक आली. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात 7 मेला मतदान होतं आणि पशुधन पर्यवेक्षक निवडणुकीच्या कामावर. लस पुढच्या आठवड्यात मिळाली, काही बिघडलं नाही. पण तारखा आखताना निवडणुका, जनगणना असली सरकारी कामंही कॅलेंडरवर बघून ठेवा.

एप्रिलमध्ये कागदपत्रं. मला सगळ्यात जास्त धास्ती याची होती. आपल्या झाडाचे कच्चे रातांबे किंवा आंबे शेतकरी म्हणून विकायला अन्नसुरक्षेची नोंदणी लागत नाही. त्यांची आमसुलं, आगळ (रातांब्याचा खारवलेला रस), फणसपोळी करून विकायची तर लागते. 2024 मध्ये वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असली तर परवाना नको होता, साधी नोंदणी पुरायची. तिचं शुल्क तेव्हा वर्षाला 100 रुपये होतं. पाडव्यानंतर, 12 एप्रिलला, फॉसकॉस या अन्नसुरक्षा नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरला. फोटो, आधार, जागेचा पुरावा आणि काय बनवणार ते. क्षमतेच्या रकान्यात रोज 100 किलोच्या आत असावं लागायचं. आम्ही पाच किलो लिहिलं, तेही जरा हात सैल सोडून.

अर्ज एकदा परत आला. घर सासऱ्यांच्या नावावर आणि अर्ज माझ्या. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, घरपट्टीची चालू पावती आणि सासऱ्यांचं साध्या कागदावरचं संमतिपत्र जोडलं. घरपट्टी भरलेली नसेल तर उतारा अडतो, ती आधी भरा. 30 एप्रिलला चौदा अंकी क्रमांकाचं प्रमाणपत्र ईमेलवर आलं. मधल्या काळात एका एजंटाने याच कामाचे अडीच हजार सांगितले होते. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी तर पूर्ण फुकट आहे, तिचेही पैसे मागणारी संकेतस्थळं दिसतात.

नोंदणीसोबत स्वच्छतेचे नियमही येतात आणि इथे आमची दोन कामं एकमेकांना आडवी आली. खाद्यपदार्थ बनवतो तिथे जनावरं, पक्षी चालत नाहीत. तशीही कोंबडीची विष्ठा आणि अंड्यांची कवचं यांतून साल्मोनेला येतो, तेव्हा हे नियमासाठी नव्हे तर पोटासाठी पाळायचं. खुराडं मागच्या दारी, वाऱ्याच्या खालच्या बाजूला हलवलं. पिल्लांचं काम सकाळी आणि संध्याकाळी, रातांब्यांचं मध्ये, हात साबणाने धुऊन आणि चपला बदलून. उबवण्याचं यंत्र रिकामं झाल्यावर "त्यात आमसुलं सुकव की" असं दोघातिघांनी सुचवलं. ते अजिबात करू नका.

रातांबे 26 एप्रिलपासून उतरायला लागले. ज्यांना झाडं लावायची आहेत त्यांच्यासाठी: रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून लावलं तर काय निघेल ते फुलं येईपर्यंत, म्हणजे काही वर्षं, कळत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जातींची कलमं मिळतात, ती लावा.

आमसुलांची रीत सोपी, पण वेळखाऊ. लाल झालेली फळं धुऊन, पुसून, चिरून साली वेगळ्या. बिया आणि गर एका पातेल्यात, त्यात जाडं मीठ, दहा किलो फळांना साधारण एक किलो. त्याचा रस सुटतो. साली एक दिवस उन्हात, मग रात्रभर त्या रसात, सकाळी पुन्हा उन्हात. असं पुट देत राहायचं, रस संपेपर्यंत. चार-पाच पुटं तरी हवीत. बाजारात दोन पुटांची आमसुलं मिळतात, ती तांबूस आणि चवीला पोकळ असतात. भांडी काचेची, स्टीलची किंवा चिनी मातीची. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम आम्लाने खातं. दहा किलो रातांब्यांतून सुकलेली आमसुलं मिळाली किलो-सव्वा किलो. बाजारभाव महाग का वाटतो ते चिरायला बसलं की कळतं. बोटं आठवडाभर जांभळी राहतात.

खळ्यात तट्ट्यांवर साली पसरल्या आणि दीड-दोन महिन्यांची पिल्लं तिथेच उड्या मारायला यायची. आधी एक काठी घेऊन माणूस बसवला. मग मालवणहून मच्छीमाराचं जुनं जाळं आणलं, दोनशे रुपयांत भलं मोठं. अर्धं कापून तट्ट्यांवर ताणलं, अर्धं पिल्लांच्या फिरायच्या जागेवर. घारीने तोवर दोन पिल्लं नेली होती आणि एक मुंगसाने. जाळं लागल्यावर घार नुसती घिरट्या घालून जायची.

मेच्या मध्यापासून आभाळ भरायला लागलं. ऊन दिसतं पण काही वाळत नाही, असे दिवस. तेव्हा ते तीनशे रुपयांचं मापक तट्ट्याशेजारी ठेवलं. दुपारी एक ते चारच्या दरम्यान 55 च्या खाली येतं आणि संध्याकाळी साडेपाचनंतर सरसर 75 च्या वर. मिठाळ वस्तू तेवढ्याच हवेला पाणी ओढायला लागते, दिवसभराचं वाळणं दोन तासांत परत. पिशवीत मिठाने मापक तपासलं होतं तोच हा 75 चा आकडा. मग नियम केला: मापक 65 ला गेलं की साली आत. नऊला बाहेर, पाचच्या आत घरात, आणि रात्री चुलीवरच्या माळ्यावर. 20 मेनंतर उतरलेल्या फळांची आमसुलं करायचा नाद सोडला आणि त्यांचं आगळ केलं. त्याला ऊन लागत नाही. साली, रस आणि रसाच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकं मीठ, बरणीत रोज ढवळायचं, आठवड्याने गाळून बाटल्यांत.

फणसपोळी बरक्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या, फणसाची करा. काप्याचे गरे नुसते खायला चांगले, लगदा नीट होत नाही. रायवळ कैऱ्या मिठाच्या पाण्यात बरणीत गेल्या, मिरच्या ताकातल्या. या दोन्हींत सांगण्यासारखं वेगळं काही नाही, सगळ्यांच्या घरी होतात.

6 जूनला पाऊस आला. त्याआधी दोन दिवस आमसुलं बरण्यांत भरली होती. बरणीत हात घालताना तो कोरडा हवा, एवढंच. लेबलवर नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि चौकटीतला हिरवा ठिपका. हजार लेबलं छापू नका. आम्ही दीडशे छापली, तरी उरली आहेत.

गटारीला 11 कोंबडे गेले, सहाशे ते सातशेला एक, बहुतेक वाडीतच. तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, ठेवल्या आहेत. यंत्र, खाद्य, लस, जाळं, बरण्या सगळं मिळून खर्च अजून पूर्ण वसूल झालेला नाही. आगळाच्या बाटल्या संपल्या, आमसुलं अर्धी आहेत. रातांब्याच्या बियाही धुऊन, वाळवून पोत्यात ठेवल्या आहेत. त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं तूप, थंडीत काढायचं आहे, कारण तूप थिजल्याशिवाय मुठीत वळत नाही. ते सासूबाईंनाच येतं; डिसेंबरात त्यांच्या हाताखाली बसेन तेव्हा त्याचं लिहीन.